छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते?

शेतकरी बंधूंनो, मृगाचे पाऊस पडून गेले आहेत, राब लावणीजोगा झाला आहे, आज चिखलणीला हात घातला तर लावणी वेळेवर उरकेल, असा हिशेब करून तुम्ही पहाटे ट्रॅक्टरवर बसता. किल्ली फिरवता. आणि सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसतो. काल संध्याकाळपर्यंत तर ट्रॅक्टर चांगला चालत होता! मग शेजारी जमतात, कोणी धक्का देतो, आणि शेवटी सगळ्यांचा एकच निकाल लागतो: "बॅटरी गेली. नवीन घाला."

काशीगावातल्या एका दादांवर हा प्रसंग लागोपाठ दोन पावसाळे आला. काशीगाव म्हणजे मुंबईच्या वेशीवरचे गाव. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि भाईंदरची मिठागरे. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, इमारती उठल्या, आता गावाच्या नावाचे मेट्रो स्थानकही आहे. तरी डोंगराच्या पायथ्याशी दादांनी भाताचे दोन तुकडे आणि आंबा-चिकूची वाडी राखली आहे. वाडीत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून त्यांनी छोटा घेतला.

पहिल्या पावसाळ्यात बॅटरी उतरली. दादांनी नवीन घातली. दुसऱ्या पावसाळ्यात ती नवीनही उतरली. चिखलणीचे तीन दिवस वाया गेले, कारण त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना. तिसरी बॅटरी आणायला ते निघाले, तेव्हा बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या पुतणीने विचारले, "काका, बॅटरीत वीज भरली जाते का, हे कोणी पाहिलं का?" कोणीच पाहिले नव्हते. तिने शाळेच्या प्रयोगासाठी घेतलेले साधे मीटर आणले. उतरलेली बॅटरी बाहेरून भरून ट्रॅक्टर सुरू केला, तर इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट आणि इंजिन चालू असतानाही तेवढेच! म्हणजे बॅटरीच्या तोंडी घासच पडत नव्हता. दोष निघाला एका बोल्टखालच्या गंजात. तो कसा सापडला, ते पुढे सांगतोच.

आधी दोष कोणाचा ते ओळखा

मोटारसायकलीपेक्षा ट्रॅक्टरमध्ये हा दोष जास्त दिवस लपून राहतो. त्याचे कारण डिझेल इंजिनात आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झाले की बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे इंजिन बॅटरीवाचूनही दिवसभर चालते. त्यामुळे चार्जिंग बंद पडले तरी कामात काही जाणवत नाही. रोज सकाळी सेल्फ मारताना बॅटरीतली थोडी वीज जाते, रात्री दिव्यांसाठी आणखी जाते, परत मात्र काहीच भरत नाही. आठ-दहा दिवसांनी ती रिकामी होते आणि दोष तिच्याच माथी येतो. कणगीत धान्य पडत नसताना रोज काढत राहिले, तर कणगीला बोल लावून काय उपयोग?

चार्जिंगची घडण दोन प्रकारची असते. तुमच्या ट्रॅक्टरवर कोणती आहे, ते आधी पाहून ठेवा.

पहिल्या प्रकारात इंजिनाच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर असतो. त्याच्या आत वीज तयार होते, आतच ती बॅटरीजोगी सरळ केली जाते, आणि तिचा दाब ताब्यात ठेवणारा रेग्युलेटरही बहुधा आतच असतो.

दुसऱ्या प्रकारात पट्टा नसतो. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर चुंबक असतात आणि त्यांच्याजवळ तांब्याच्या तारेची कॉइल बसवलेली असते. चुंबक फिरले की कॉइलमध्ये उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. ती दोन तारांनी रेग्युलेटरच्या डबीत येते आणि तिथून सरळ होऊन बॅटरीकडे जाते. उष्णता बाहेर टाकायला या डबीला अॅल्युमिनियमच्या पात्या असतात.

महिंद्राचा युवराज २१५ किंवा स्वराजचा ७१७ हे एका सिलिंडरचे १५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर असोत, की द्राक्षबागेत फिरणारे तीन सिलिंडरचे असोत, चार्जिंगची तपासणी याच वाटेने करायची असते.

हात घालण्यापूर्वी

बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेट घेतो आणि बॅटरी फुटून आम्ल अंगावर उडते. म्हणून जवळ विडी नको, काडी नको, कंदील नको. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवा, हातब्रेक लावा, पीटीओ बंद ठेवा. इंजिन चालू असताना तपासणी करणाऱ्याने उपरणे, पदर, सैल बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावी. लहान मुलांना लांब बसवावे.

बॅटरी सोडताना आधी वजा खुणेची तार काढा आणि जोडताना तीच शेवटी लावा. तसे केले नाही, तर पाना अधिक टर्मिनलवरून ट्रॅक्टरच्या अंगाला टेकून मोठी ठिणगी पडते. आम्ल कातडीवर पडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तडक डॉक्टरांकडे जा.

पहिली तपासणी: डोळ्यांनी आणि हातांनी

निम्मे दोष मीटरवाचूनच सापडतात. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी चढली आहे का? क्लॅम्प हाताने हलतो का? हलत असेल तर तीच चूक समजा. खाडीकाठच्या गावांत खारी हवा आणि कोकणचा पाऊस मिळून ही भुकटी फार लवकर चढते. क्लॅम्प काढा. बॅटरीची सहाही झाकणे घट्ट आहेत याची खात्री करा आणि पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने टर्मिनल धुवा. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. पॉलिशपेपरने शिसे चकचकीत होईपर्यंत घासा, क्लॅम्प आवळा आणि मगच वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा.

वजा टर्मिनलची जाड तार ट्रॅक्टरच्या अंगाला जिथे बोल्टने बसवली आहे, ती जागा बहुतेक जण पाहतच नाहीत. तो बोल्टही सोडून, खालचा गंज आणि रंग घासून पुन्हा आवळा. वीज अधिक टर्मिनलमधून निघते आणि ट्रॅक्टरच्या अंगातून वजाकडे परत येते. परतीची वाट बंद असेल तर जाण्याची वाट कितीही चांगली असून उपयोग नाही.

पट्टा असेल तर इंजिन बंद करून, दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबून पाहा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला तर ठीक. जास्त दबत असेल, किंवा दिवे लावताच पट्टा किंचाळत असेल, तर तो घसरतो आहे. तो ताणून घ्या; कडा तुटल्या असतील किंवा आतून चकाकत असेल तर बदला. मात्र फार ताणू नका. त्याने बेअरिंग जाते.

फ्यूज काढून उजेडात पाहा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी सगळी वायरिंग जळेल. उंदरांनीही एखादी तार कुरतडली नाही ना, तेही बघा. पावसाळ्यात गोठ्यातून पळालेले उंदीर गरम इंजिनाच्या उबेला येऊन बसतात.

आता किल्ली फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. फलकावर बॅटरीचा लाल दिवा असेल तर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. इंजिन चालू असतानाही दिवा जळत राहिला, तर चार्जिंग होत नाही हे सरळ आहे. पण किल्ली फिरवूनही दिवा मुळीच लागत नसेल, तर "कटकट गेली" म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच अल्टरनेटरांना वीज तयार करायला लागणारी पहिली चालना याच दिव्याच्या तारेतून मिळते. दिव्याचा बल्ब गेला म्हणून चार्जिंग बंद पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

दुसरी तपासणी: बॅटरीची स्वतःची ताकद

इथून पुढे मीटर हवे. काही शे रुपयांत मिळणारे साधे डिजिटल मीटर पुरते. एका बॅटरीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. मीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवा. लाल तार मीटरच्या व्होल्टच्या भोकातच असू द्या. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीला लावली, तर मीटर जळते.

उतरलेली बॅटरी आधी बाहेरून पूर्ण भरून घ्या. रिकाम्या बॅटरीवर केलेली तपासणी फसवते. भरल्यावर काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६ किंवा वर आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच.

झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर पाणी पाहा. ते प्लेटांच्या वर सुमारे १० मिलिमीटर असावे. कमी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला. विहिरीचे किंवा नळाचे नको, आणि आम्ल तर कधीच नको. दुकानातल्या हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासून घ्या. भरलेल्या बॅटरीत काटा, कंपनीप्रमाणे, १२४० ते १२८० च्या दरम्यान दिसतो. पाच कप्पे १२५० आणि एकच ११८० दाखवत असेल, तर तो कप्पा मेला. अशी बॅटरी मात्र खरेच बदलावी लागेल.

शेवटी स्टॉपची दांडी ओढून धरा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि चार-पाच सेकंद सेल्फ मारा. त्या वेळी बॅटरीवरचा आकडा सुमारे ९.५ च्या खाली जाऊ नये. टिकून राहिला तर बॅटरी निर्दोष आहे. मग दोष चार्जिंगकडे शोधायचा.

तिसरी तपासणी: इंजिन चालू असताना

ट्रॅक्टर सुरू करा, थ्रॉटल मध्यम ठेवा आणि मीटरच्या तारा बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर धरा. तीनच गोष्टी घडू शकतात.

आकडा वाढून १३.८ ते १४.५ च्या आसपास स्थिर झाला, तर चार्जिंग चांगले आहे. आता दिवे लावून पाहा. तरीही १३.५ च्या खाली येऊ नये.

आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे किंवा त्याची जोडणी ढिली आहे. अशा ट्रॅक्टरची बॅटरी उकळते, पाणी वारंवार संपते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब उडतात. तो तसाच चालवू नका. ही वेळ धोक्याची आहे.

आकडा हललाच नाही, दादांच्या ट्रॅक्टरसारखा जिथल्या तिथे राहिला, तर पुढे वाचा.

इथे एक सावधगिरी. जुन्या ट्रॅक्टरांवर डायनॅमो असे. त्या काळचे मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहत: इंजिन आणि दिवे चालू राहिले तर चार्जिंग ठीक. अल्टरनेटरवर हा प्रयोग कधीही करू नका. बॅटरी निघाली की दाब एकदम उसळतो आणि आतले डायोड जळतात. दहा सेकंदांच्या तपासणीत हजारो रुपयांचे नुकसान होते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करतानाही बॅटरीची आणि अल्टरनेटरची तार आधी सोडावी.

आकडा वाढत नसेल तर

पट्ट्याचा अल्टरनेटर असेल, तर इंजिन चालू ठेवून मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या वजावर धरा. तिथे १४ व्होल्ट आणि बॅटरीवर मात्र साडेबारा, असे दिसले तर अल्टरनेटर निर्दोष आहे. वाटेतली तार, लग किंवा फ्यूजची पेटी खराब आहे. दोन्हीकडे साडेबाराच असेल, तर अल्टरनेटर उघडावा लागेल. बहुधा कार्बन झिजलेले असतात, नाही तर डायोड किंवा आतला रेग्युलेटर गेलेला असतो.

फ्लायव्हीलची कॉइल असेल, तर इंजिन बंद करून रेग्युलेटरचा जोड सोडा. कॉइलकडून येणाऱ्या दोन तारा बहुधा एकाच रंगाच्या असतात. मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून, इंजिन मध्यम वेगाने चालवून त्या दोन तारांमध्ये मोजा. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, पण साधारण २० व्होल्टच्या वर दिसले आणि वेगाबरोबर वाढत गेले, तर कॉइल जिवंत आहे. काहीच दिसले नाही, तर कॉइल जळली किंवा तार तुटली.

कॉइल चांगली असूनही बॅटरी भरत नसेल, तर लगेच नवा रेग्युलेटर आणू नका. जोड परत लावा, इंजिन सुरू करा, दिवे लावा, आणि मीटरची एक तार रेग्युलेटरच्या डबीच्या अंगावर व दुसरी बॅटरीच्या वजा टर्मिनलवर धरा. हा आकडा जवळजवळ शून्य हवा. ०.३ च्या वर गेला तर परतीची वाट गंजलेली आहे. बऱ्याच रेग्युलेटरांना परतीची वेगळी तार नसतेच. डबी ज्या बोल्टने बसवलेली असते, तोच तिचा अर्थ असतो.

दादांच्या ट्रॅक्टरमध्ये याच जागी आकडा फुगलेला होता. डबी सोडली तर तिच्याखाली चिखल, आणि बोल्टभोवती गंजाचे पापुद्रे. पुतणीने पॉलिशपेपरने पत्रा लखलखीत केला, नवा वायसर टाकून बोल्ट आवळला. ट्रॅक्टर सुरू केला. मीटर चढत चढत १४.१ वर जाऊन थांबले. काकू ओट्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन बॅटऱ्यांचे पैसे या बोल्टाखाली पुरले होते म्हणायचे!"

उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते तेव्हा

काही वेळा चार्जिंग अगदी नीट असते, तरी चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की बॅटरी संपते. अशा वेळी वीज कुठे तरी गळते आहे. किल्ली काढा, सगळे बंद करा, वजाची तार सोडा आणि त्या तारेच्या व टर्मिनलच्या मध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडा. बल्ब लागला की गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या तारेवर दोष. बहुतेक वेळा हौसेने बसवलेला टेप, हॉर्न किंवा जादा दिवे किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेले सापडतात.

गळती लहान दिसली तरी हिशेब करून पाहा. अवघी ०.२ अँपिअर गळती धरली, तरी चोवीस तासांत सुमारे ५ अँपिअर-तास जातात. ५० अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत कोरडी पडते.

दिव्यांचाही असाच हिशेब आहे. ५५ वॉटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर वीज ओढतात. त्यावर मागचा दिवा आणि गाणी. छोट्या इंजिनाची कॉइल मंद वेगात तेवढी वीज देऊ शकत नाही. म्हणून रात्री इंजिन हळू चालवून दिवे लावून बसू नका, आणि जादा दिवे बसवायचे असतील तर कमी वॉटचे एलईडी घ्या.

अडल्या वेळी दुसऱ्या गाडीवरून ट्रॅक्टर सुरू करायचा असेल, तर ती बॅटरीही १२ व्होल्टचीच हवी. अधिकला अधिक जोडा, आणि वजाचा शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावा.

मिस्त्रीकडे जाताना

कॉइल, डायोड, बेअरिंग ही कामे मिस्त्रीचीच. पण त्याच्याकडे जाताना "बघा काय झालंय ते" एवढेच सांगू नका. कागदावर चार आकडे लिहून न्या: इंजिन बंद असताना किती, सेल्फ मारताना किती, इंजिन चालू असताना किती, दिवे लावल्यावर किती. मग चांगला मिस्त्री नेमक्या जागी हात घालतो, आणि अंदाजाने भाग बदलणाऱ्यालाही विचार करावा लागतो. बदललेला जुना भाग मागून घ्या. बॅटरी खरेच गेली असेल तर जुनी विक्रेत्याला परत द्या. घरी फोडू नका, शिसे विषारी असते.

बंधूंनो, भातशेतीचा ट्रॅक्टर वर्षातले कितीतरी महिने उभा असतो. त्या काळात वजाची तार सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी बाहेरून भरून घ्या. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि ती कायमची निकामी होते.

खंडेनवमीला आपण औजारे धुऊन त्यांना हळद-कुंकू लावतो, ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी पॉलिशपेपरचा एक तुकडा आणि दहा नंबरचा पाना घेऊन टर्मिनल आणि अर्थचे बोल्ट घासून आवळा. असेच एकदा मृगाच्या आधी करा. दादांच्या वाडीत आता हे काम पुतणीकडे आहे आणि तिसरी बॅटरी अजून दुकानातच आहे.